सड्यावरचं गवत: नोंदी कशा करायच्या आणि सडा कसा राखायचा

रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवणच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट पठारांवर, हल्ली वनस्पतींच्या नोंदी करायला बरीच मंडळी जातात. त्यात महाविद्यालयाचे विद्यार्थी असतात, शिक्षक असतात, गावच्या जैवविविधता समितीतली माणसं असतात. उत्साह खरा असतो, पण कामाचा क्रम चुकतो. गणपती गेले की एखाद्या रविवारी सडा गाठायचा, फुलांचे फोटो काढायचे, नावांची यादी करायची आणि पुढच्या जूनमध्ये त्याच सड्यावर खड्डे मारून झाडं लावायची, असं सर्रास चालतं. त्या यादीत गवत जवळजवळ नसतं. मातीची खोली नसते. आषाढात फुलून गेलेले कंद नसतात. जे मोजलंच नाही, तेच मग खड्डे मारताना उकरलं जातं.

खालची पद्धत एका गावच्या एका सड्यासाठी आहे. चार-पाच माणसं आणि एक पूर्ण वर्ष एवढी तयारी हवी. महागडं उपकरण कुठलंच लागत नाही, पण टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका.

टप्पा १: सड्यावर चढण्याआधी गावात बसा

सडा मोकळा दिसतो म्हणून तो कोणाचाच नाही असं नसतं. सातबाऱ्यावर बहुतेक कातळ पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला अयोग्य जमिनीत, धरलेला असतो आणि एकेका गट क्रमांकाला वीस-पंचवीस सहहिस्सेदार असतात. त्यातले निम्मे मुंबईला. तलाठ्याकडून सातबारा आणि गावनकाशा घ्या, सड्याचा कुठला भाग खासगी, कुठला गायरान, कुठला देवस्थानचा हे नकाशावर रंगानं भरा, आणि जमीनमालकांची परवानगी लेखी घ्या. सगळे सहहिस्सेदार एका वेळी गावात हवे असतील तर गणपती किंवा शिमग्याशिवाय मुहूर्त नाही. कामाला मे महिन्यात सुरुवात करायची असल्यानं शिमग्यातच भेटलेलं बरं.

मग गुराख्यांशी आणि गवत कापणाऱ्या बायकांशी बोला. ‘सड्यावर काय काय आहे?’ असा मोघम प्रश्न विचारलात तर मोघम उत्तर मिळेल. नेमकं विचारा. पाऊस थांबल्यावर शेवटचं पाणी कुठल्या डबक्यात राहतं? कापण्याजोगं गवत कुठल्या भागात येतं आणि कुठल्या भागात गुरं तोंडही लावत नाहीत? वणवा दरवर्षी कुठल्या बाजूनं चढतो? पूर्वी गवत होतं आणि आता नाही, अशी जागा कुठली? या चार प्रश्नांतून अर्धा नकाशा तयार होतो.

तपासणी: सड्यावर कातळशिल्पं आहेत का, ते आत्ताच विचारून घ्या. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी, कुडोपी अशा ठिकाणची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. नोंद न झालेली चित्रंही असू शकतात. चित्र असलेल्या भागात मोजणीची चौकट मांडायची नाही, रंगाची खूण करायची नाही, खिळा ठोकायचा नाही.

टप्पा २: साहित्य

मुख्य साधन म्हणजे १ मीटर × १ मीटरची चौकट. २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो (काटकोनी जोड) घेतले की झालं. पाइप एल्बोत शिरतो तेवढी लांबी बदलते, म्हणून जोडल्यावर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत टेपनं मोजा. बरोबर १ मीटर भरलं पाहिजे. दोन्ही कर्णही मोजा, ते सारखे आले नाहीत तर चौकट तिरकी आहे. एल्बो चिकटवू नका, म्हणजे चौकट सुटी करून पिशवीत नेता येईल. पाइपवर दर १० सेंटिमीटरला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. शिवाय तारेचा १० × १० सेंटिमीटरचा छोटा चौकोन करून ठेवा. मोठ्या चौकटीत असे शंभर चौकोन बसतात, म्हणजे हा चौकोन बरोबर १ टक्का दाखवतो. अंदाज चुकू नये म्हणून यापेक्षा चांगली युक्ती मला माहीत नाही.

बाकीचं असं: १० पट मोठं दाखवणारं भिंग, ५० मीटरची टेप, सेंटिमीटरच्या खुणा केलेली बारीक लोखंडी सळई, पाटी आणि खडू, होकायंत्र, प्लास्टिकच्या पिशवीत फोन. लिहायला पेन्सिलच घ्या. कोकणच्या पावसात पेनाची शाई पहिल्या तासातच पसरते. सगळ्यांना घोट्यावर जाणारे बूट हवेत. सड्यावर फुरसं (विषारी साप) दगडाखाली आणि गवताच्या बुडख्यात बसलेलं असतं आणि ते दिसायला अवघड.

खबरदारी: एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर जाताना बूट, चौकट आणि पिशवीचा तळ स्वच्छ धुऊन वाळवा. रानमोडी आणि रानतुळस या तणांचं बी चिखलातून सहज पोचतं, आणि एकदा रानमोडीनं मातीचा खिसा धरला की तिथलं गवत संपलं.

टप्पा ३: मे महिन्यातला नकाशा

सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. मे महिन्यात सडा करपलेला असतो, काळा कातळ तापलेला असतो, तेव्हा तिथं बघायला काय आहे असं वाटतं. पण पावसात सगळं हिरवं झालं की खालची रचना झाकली जाते. कुठं भेग आहे, कुठं खोलगट भाग आहे, कुठं मातीचा थर आहे हे उन्हाळ्यातच स्वच्छ दिसतं. सड्यावर कुठली वनस्पती कुठं येईल हे बहुतांशी मातीच्या खोलीवर आणि पाणी किती दिवस टिकतं यावर ठरतं. म्हणून आधी रचना नोंदवायची, वनस्पती नंतर.

सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर सडा पालथा घाला आणि नकाशावर हे अधिवास वेगवेगळे काढा:

उघडा कातळ. यावर काळपट थर असतो तो सूक्ष्म नील-हरित शैवालांचा आणि दगडफुलांचा. याला ‘रिकामी जागा’ म्हणून सोडू नका.

भेगा आणि वाटीसारखे खळगे. मूठभर माती, पण कंद इथंच लपलेले.

उथळ मातीचे पट्टे, साधारण १० सेंटिमीटरच्या आतले. पावसात यावरून पाणी झिरपत राहतं. कीटकभक्षी वनस्पती आणि गेंद (गोल गोंड्यासारख्या फुलांची बुटकी रोपं) यांची ही जागा.

खोल मातीचे पट्टे. उंच गवत येतं ते इथं, आणि कापणीही इथंच होते.

डबकी. कोरडी असतानाच त्यांची लांबी, रुंदी, खोली मोजून घ्या. पावसात गढूळ पाण्यात उतरून मोजाल तर आतलं सगळं तुडवाल.

दगडांचे ढीग, गडगे (दगडी कुंपणं) आणि झाडांचे पुंजके.

शेजारच्या चिरेखाणी, भर घालून केलेल्या आंब्याच्या बागा, रस्ते, कचरा टाकायच्या जागा हेही याच नकाशावर हवं. बागेसाठी बाहेरून आणलेल्या मातीबरोबर तण येतं, आणि ते कुठल्या दिशेनं सरकतंय हे पुढं कळायला सुरुवातीची रेघ लागते.

खबरदारी: टिटवी आणि पीतमुखी टिटवी उन्हाळ्यात उघड्यावर अंडी घालतात. अंड्यांचा रंग आणि ठिपके जांभ्याच्या खडीत असे मिसळून जातात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला की जागीच थांबा, पायाखाली बघत आल्या वाटेनं मागं फिरा, आणि त्या पट्ट्याचं काम आठवडाभरानं करा.

टप्पा ४: चौकटी कुठं मांडायच्या

इथं दोन चुका होतात. पहिली, सुंदर फुलं दिसली तिथं चौकट मांडणं. दुसरी, चौकट खांद्यावरून मागं फेकणं आणि पडेल ती जागा खरी मानणं. फेकणारा माणूस नकळत बऱ्या जागेकडेच फेकतो, शिवाय चौकट तुटते.

नकाशावर ५० मीटरच्या चौकोनांची जाळी आखा आणि प्रत्येक चौकोनाला क्रमांक द्या. ज्या अधिवासाच्या चौकटी हव्यात, तो असलेल्या चौकोनांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका आणि डोळे मिटून उचला. प्रत्येक अधिवासासाठी निदान दहा चौकटी निघाल्या पाहिजेत. डबक्यांना चौकट लावू नका, ती अख्खीच एक-एक करून नोंदवा.

दहा पुरतात का? चौकटी वाचताना प्रत्येक चौकटीत किती नव्या जाती मिळाल्या हे समासात लिहीत जा. एका अधिवासाच्या शेवटच्या तीन चौकटींत एकही नवी जात आली नाही तर तिथं थांबायला हरकत नाही. येतच राहिल्या तर चिठ्ठ्या परत काढा.

यातल्या एक तृतीयांश चौकटी कायमच्या ठेवायच्या आहेत, म्हणजे दरवर्षी त्याच जागी परत मांडायच्या. फोनच्या जीपीएसवर एकट्यावर विसंबू नका. मोकळ्या सड्यावरही तो तीन ते पाच मीटर चुकतो आणि आपली चौकट एक मीटरची आहे. जवळचे दोन न हलणारे दगड किंवा गडग्याचा कोपरा पकडा, त्या दोन्हींपासून चौकटीच्या एकाच कोपऱ्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा, होकायंत्रानं दिशा घ्या आणि दगडासह फोटो काढा. अंतरं, दिशा आणि फोटो हातात असले की पुढच्या वर्षी नवखा माणूसही जागा शोधतो.

टप्पा ५: नक्षत्र धरून फेऱ्या

एका फेरीत सडा कळत नाही, कारण वनस्पती पाळीपाळीनं येतात आणि काहींचा मुक्काम दोन-तीन आठवड्यांचाच असतो. तारखांपेक्षा पावसाची नक्षत्रं धरलेली बरी. गावातल्या कोणालाही ती कळतात आणि ‘यंदा मृग कोरडा गेला’ यासारखी माहितीही आपसूक नोंदली जाते.

पहिली फेरी आर्द्रात, जूनचा शेवट ते जुलैचा पहिला आठवडा. कंदवर्गीय वनस्पतींचा हा काळ. कोकणापुरती मर्यादित असलेली पांढऱ्या फुलांची दीपकाडी, मुसळी, जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड) याच दिवसांत फुलतात. श्रावणात त्यांची पानंही ओळखू येत नाहीत.

दुसरी आश्लेषा-मघात, ऑगस्टमध्ये. उथळ मातीत गेंद, कीटकभक्षी सीतेची आसवं आणि दवबिंदू, आभाळी. डबकी भरलेली असतात.

तिसरी उत्तरात, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. पिवळा कवला, तेरडे. सगळे जातात ती हीच फेरी, आणि फुलांच्या दृष्टीनं ती चांगलीच असते. फक्त ती एकटी पुरत नाही.

चौथी चित्रा-स्वातीत, साधारण १० ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ही गवताची फेरी. पुढचा एक टप्पा पूर्ण तिच्यासाठीच आहे.

याशिवाय जानेवारीत एक छोटी चक्कर मारा. भुईगेंद कोरड्या दिवसांत कातळालगत फुलतो आणि पावसाळी यादीत तो बहुधा सुटतो.

खबरदारी: सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर विजा होतात. सपाट सड्यावर आसपास सगळ्यात उंच आपणच असतो. दूरवर गडगडाट ऐकू आला की चौकट अर्धी सोडून खाली उतरा. एकट्या झाडाच्या आडोशाला थांबू नका.

टप्पा ६: चौकट वाचणं

हे काम घाईचं नाही. उथळ मातीतली एक चौकट नीट वाचायला अर्धा तासही लागतो, आणि तो द्यावा.

चौकटीकडे नेहमी एकाच ठरलेल्या बाजूनं जा. आत पाय टाकायचा नाही, गुडघेही बाहेरच टेकायचे. पाटीवर चौकटीचा क्रमांक, तारीख आणि उत्तर दिशेचा बाण लिहून पाटी कडेला ठेवा आणि सरळ वरून फोटो घ्या. हा फोटो हात लावायच्या आधी. नंतर गवत दबतं.

पहिल्यांदा जमीन मोजा. उघडा कातळ किती टक्के, सुटी खडी किती, माती किती, पाणी किती, शेण आणि वाळका पाला किती. या सगळ्याची बेरीज १०० आली पाहिजे. हे आधी केलं की डोळा फुलांवर भाळत नाही.

मग वनस्पती. प्रत्येक जातीनं वरून पाहता किती टक्के जागा झाकली आहे हे लिहा. इथं बेरीज १०० च्या वर गेली तरी चालते, कारण उंच गवताखाली बुटकी रोपं असतात. तारेचा छोटा चौकोन मध्ये-मध्ये ठेवून बघा. त्याहून कमी असेल तर ‘१ पेक्षा कमी’ लिहा. शून्य लिहायचं नाही आणि रिकामंही सोडायचं नाही.

उदाहरण घेऊ. समजा, झिरपणाऱ्या पट्ट्यावरची चौकट आहे. जमीन: कातळ ३५, माती ५०, पाणी १२, खडी ३. वनस्पती: गेंद ३०, बारीक गवत ‘ग-४’ (नाव न कळलेल्या गवताचा तात्पुरता क्रमांक) १५, सीतेची आसवं ४, दवबिंदू १ पेक्षा कमी, आभाळी २. आता भिंग घेऊन खाली वाका. सीतेच्या आसवांचे दोरीसारखे बारीक दांडे गवताला वेढे घालून वर आलेले असतात. त्यामुळे निळी फुलं दिसतात तिथंच ती आहेत असं वाटतं. फुलं न आलेले दांडे मोजले नाहीत तर ४ चे २ होतात. दवबिंदूचं तसंच. ऊन तिरकं असताना पानांवरचे चिकट थेंब चमकतात म्हणून ते दिसतं, ढगाळ असेल तर नाकाजवळ चौकट येईपर्यंत वाकल्याशिवाय दिसत नाही. आसवांच्या मातीतल्या कीटक पकडणाऱ्या पिशव्या बघण्यासाठी रोप उपटायचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. एका रोपामागं भोवतालची बोटभर माती सैल होते आणि पुढच्या सरीत वाहून जाते.

माती मोजायला सळई कातळ लागेपर्यंत सरळ दाबा. पाच जागा: चार कोपरे आणि मध्य. कायमच्या चौकटीत मात्र सळई चौकटीच्या बाहेर लगतच्या जागी टोचा, नाहीतर दरवर्षी तेच कंद भोसकले जातील. गवताची उंचीही पाच ठिकाणी घ्या.

तपासणी: पहिल्या पाच चौकटी दोघांनी स्वतंत्र वाचा आणि लिहून झाल्यावरच आकडे एकमेकांना सांगा. एखाद्या जातीत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुन्हा वाकून बघा. फरक कमी झाल्यावरच माणसं वेगळी करून काम वाटून घ्या.

नाव माहीत नसेल तर अंदाज करायचा नाही. ‘ग-४’, ‘अ-७’ असा तात्पुरता क्रमांक द्या, फोटोचा क्रमांक शेजारी लिहा आणि सगळ्या चौकटींत तोच क्रमांक वापरा. चुकीचं नाव यादीत शिरलं की काढणं महाकठीण. क्रमांकाला नाव नंतर कधीही देता येतं.

टप्पा ७: गवताला नाव मिळवणं

‘इतर गवत’ असा एकच रकाना असलेली नोंद कवडीच्या कामाची नाही. सड्याचा बराच भाग गवतच व्यापतं, आणि ग्लायफोक्लोआसारखी गवतं तर पश्चिम घाट आणि लगतच्या किनारपट्टीच्या बाहेर सापडतच नाहीत. उघड्या कातळावर ट्रायपोगॉन असतं, जे उन्हाळाभर वाळून कोळ झालेलं दिसतं आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवं होतं. खोल मातीत इस्किमम आणि कुसळी गवत. या सगळ्यांचं एकाच रकान्यात काय करणार?

गवत पानांवरून ओळखता येत नाही, तुऱ्यावरून येतं. म्हणून चौथी फेरी. प्रत्येक ‘ग’ क्रमांकाचे फोटो या क्रमानं घ्या: अख्खं ठोंब बुडख्यासकट, खोडावरचं पेर, पान खोडाला मिळतं तिथली जिभली, पूर्ण तुरा, आणि तुऱ्यातला एक दाणा तळहातावर मोजपट्टीशेजारी. शेवटचा फोटो नसेल तर तज्ज्ञही हात टेकतात.

नमुना गोळा करायचाच असेल तर त्या भागात वीस ठोंब दिसले तर एक, असा हिशेब ठेवा. आमरी, कंदीलपुष्प, दीपकाडी यांचे नमुने घेऊच नका, फोटोवर भागवा. गवत वर्तमानपत्रात दाबून कागद दिवसातून दोनदा बदला. कोकणातल्या दमट हवेत एक रात्र चुकली तर बुरशी धरते. वाळलेले नमुने पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, तिथलीच आघारकर संशोधन संस्था किंवा कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ इथल्या वनस्पतिसंग्रहांत दाखवता येतात. जाण्याआधी विचारून जा.

टप्पा ८: पक्षी, बेडूक आणि डबकी

प्रत्येक फेरीत सकाळी ठरलेल्या चार-पाच जागी दहा-दहा मिनिटं उभं राहून दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी लिहा. मलबारी चंडोल, धान चरचरी, टिटव्या, लावे यांच्यावर विशेष लक्ष ठेवा, कारण हे जमिनीवर घरटं करणारे.

डबक्यात उतरू नका. काठावर बसून पांढऱ्या बशीत पेलाभर पाणी घ्या, बघा, फोटो काढा, परत तिथंच सोडा. बशीत पाठीवर पोहणारी पारदर्शक कोळंबीसारखी परीकोळंबी दिसली तर नीट नोंद करा. तिची अंडी उन्हाळाभर कोरड्या मातीत टिकतात आणि पाणी भरलं की उमलतात. म्हणूनच उन्हाळ्यात डबक्यातला गाळ ‘साफसफाई’ म्हणून उपसणं हा सरळसरळ नाश आहे.

टप्पा ९: नोंदी त्याच संध्याकाळी

ओला कागद, विसरलेले क्रमांक आणि फोनमधले चारशे फोटो यांचा मेळ दुसऱ्या दिवशी लागत नाही. त्याच संध्याकाळी सगळे एकत्र बसून कागद संगणकावर चढवा. प्रत्येक चौकटीची प्रत्येक जात वेगळ्या ओळीत. एका खान्यात स्वल्पविराम देऊन पाच नावं नकोत. मूळ कागद टाकू नका.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो चढवले तर ओळख पटायला मदत होते. आमरी आणि कंदीलपुष्पाची जागा मात्र झाकून ठेवा. कंद विकणारे आणि फोटोसाठी गवत तुडवणारे, दोघांनाही अचूक ठिकाण देऊ नये.

टप्पा १०: मग राखणं

वर्षाच्या नोंदी हातात आल्या की कुठल्या पट्ट्यात काय आहे हे कळतं आणि उपाय पट्ट्यागणिक ठरवता येतात. अख्ख्या सड्याला एक नियम लावू नका.

झाडं लावायची नाहीत. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूनं होतं ते याच कामात. कातळ फोडून खड्डा केला की झिरपणाऱ्या पाण्याची वाट बदलते. झाडाची सावली पडली की उन्हात वाढणारे गेंद आणि दवबिंदू जातात. ऑस्ट्रेलियन बाभूळ तर खाली जाड पाला साठवते आणि गवत उगवूच देत नाही. वृक्षारोपणाचा निधी आलाच असेल तर तो उतारावर, पाणंदीच्या कडेला, शाळेच्या आवारात वापरा.

वणवा. गवत वाळलं की डिसेंबरपासून धोका असतो. टप्पा १ मध्ये विचारलेली वणवा चढण्याची बाजू आता कामाला येते. सलग जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत नसलेला पट्टा, काढायला माणसं पुरत नाहीत, पण त्याची गरजही नसते. उघड्या कातळाचे पट्टे आणि गडगे ही तयार जाळरेषाच आहे. नकाशा पुढ्यात घेऊन दोन कातळपट्ट्यांच्या मधले मातीचे तुकडे तेवढे शोधा आणि तिथलं गवत चार-पाच मीटर रुंदीत कापून उचला. कापून तिथंच टाकलेलं गवत आगीला वाटच करून देतं. जाळरेषा जाळून काढू नका, वारा फिरला की तोच वणवा.

कापणी. सड्यावरचं गवत कापणं वाईट नाही. कापणीमुळं उंच गवताचं रान माजत नाही आणि वणव्याला खाद्य कमी मिळतं. फक्त दाणा पिकून झडायला लागल्यावर कापा, त्याआधी नाही. खोल मातीच्या पट्ट्याचे तीन भाग पाडा आणि दरवर्षी एक भाग न कापता सोडा, पुढच्या वर्षी दुसरा. किड्यांना, लाव्यांना आसरा राहतो. ज्या घरांचा गवताचा हक्क त्या भागात आहे, त्यांना उरलेल्या दोन भागांत वाटा मिळेल हे कापणीच्या आधी बैठकीत ठरवा. नाहीतर हा नियम पहिल्याच वर्षी मोडतो आणि मोडणाऱ्याला दोष देता येत नाही.

चराई. गुरं बंद करा असं एकदम म्हणू नका. गुरं बंद केल्यावर काय होतं ते आधी बघा. पाच-पाच मीटरचे दोन-तीन चौकोन काटेरी फांद्यांनी बंद करा, शेजारी तेवढेच चौकोन मोकळे ठेवा, आणि दोन्हींत चौकटी मांडून तीन वर्षं तुलना करा. आर्द्रा ते मघा गुरं उथळ झिरपत्या पट्ट्यावरून जाऊ नयेत, त्यांची वाट उघड्या कातळावरून असावी, एवढं मात्र लगेच ठरवता येतं. गुराखी हे ऐकतात, कारण त्या चिखलात गुरं घसरतात हे त्यांनाही माहीत असतं.

गाड्या. पावसाळी सड्यावर जीप आणि मोटरसायकली नेणं थांबवायला फलक कमी पडतो. वाट सुरू होते तिथं जांभ्याचे मोठे धोंडे आडवे टाका.

टप्पा ११: कागदावर आणणं

जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ४१ प्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तिनं करायची असते. पुष्कळ गावांत ही वही शेजारच्या गावाची नक्कल असते. तुमचा नकाशा, चौकटींचे आकडे आणि गुराख्यांनी सांगितलेली माहिती त्यांच्या नावानिशी, त्यांना विचारून, त्या वहीत गेली पाहिजे. समितीचा ठराव करून घ्या आणि त्याची प्रत ठेवा.

सड्यावर चिऱ्यासाठी उत्खननाचा अर्ज आला तर तो महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम २०१३ खाली महसूल यंत्रणेपुढं जातो. तिथं ‘इथं सुंदर फुलं आहेत’ या वाक्याला वजन नसतं. गट क्रमांकासह नकाशा, त्या गटातल्या चौकटींची यादी, डबक्यांची मापं, आणि सड्याखालच्या वाडीतल्या विहिरी व झरे कुठं आहेत हे दाखवणारा कागद, याला असतं. जांभ्यातून झिरपलेलं पाणीच खाली वाडीत निघतं. म्हणून मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी विहिरींची पातळी दोरीला गाठी मारून मोजत जा. हे काम वाडीतलं शाळकरी पोरही करू शकतं.

एखादा सडा खरोखर असाधारण निघाला तर कलम ३७ खाली जैवविविधता वारसास्थळाचा प्रस्ताव करता येतो. सिंधुदुर्गात आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाजवळची शिस्टुरा माशाची जागा २०२१ मध्ये अशी जाहीर झाली. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डेची मायरिस्टिका, म्हणजे जायफळाच्या कुळातल्या झाडांची, दलदलही असंच वारसास्थळ आहे. प्रस्तावाआधी ग्रामसभेत सविस्तर चर्चा हवी. जमीन जाणार नाही ना, गवत कापायला बंदी येणार नाही ना, हे प्रश्न येणारच, आणि त्यांना खरं उत्तर द्या: कुठले निर्बंध येतील हे प्रस्तावात काय लिहिता त्यावर अवलंबून आहे, म्हणून ते गावानंच लिहायचं.

टप्पा १२: दरवर्षीची फेरतपासणी

दुसऱ्या वर्षापासून सगळ्या चौकटी वाचायची गरज नाही. कायमच्या चौकटी आर्द्रात, मघात आणि चित्रात वाचा, त्याच माणसांनी आणि त्याच क्रमानं. माणूस बदलणार असेल तर जुन्या आणि नव्या माणसानं पहिल्या पाच चौकटी एकत्र वाचाव्यात.

एका वर्षाच्या घटीवरून घाबरू नका. पाऊस उशिरा आला की गेंद कमी दिसतात आणि पुढच्या वर्षी परत येतात. सलग तीन वर्षं एकाच दिशेनं आकडा सरकला तर मात्र कारण शोधा. पहिल्यांदा मातीची खोली तपासा, मग रानमोडीची हद्द, मग नवी वाट किंवा नवी भर. उथळ मातीच्या चौकटीत उंच गवताची टक्केवारी वाढत असेल तर वरच्या बाजूला कुठंतरी भर पडली आहे का ते बघा. पाण्याच्या वाटेनं वर चालत गेलात की बहुतेकदा ती जागा सापडते. ती सापडली की पुढची सर यायच्या आत खालच्या बाजूला सुट्या दगडांची आडवी ओळ रचा, म्हणजे माती तिथं अडेल, आणि जमीनमालकाला त्याच दिवशी फोन करा.